गाणं राहिलं, नाव गेलं



गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा चार दिवस श्रीरामपूरला राहायला आला आणि येताना आंब्याच्या पेटीबरोबर आणखी एक पेटी घेऊन आला. ही दुसरी पेटी पत्त्यांच्या दोन कॅटांएवढी. तिला पडदा नाही, बटणं नाहीत, एका बाजूला विजेची वायर आणि दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्कची. तो म्हणाला, "मामा, तुमची सगळी गाणी आता हिच्यात ठेवू. याला म्युझिक सर्व्हर म्हणतात."

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण गाण्यांचा साठा आमच्या घरात तीन पिढ्यांचा आहे. आजोबांच्या तबकड्या, वडिलांच्या कॅसेटी, माझ्या सीड्या आणि संगणकावर साचलेल्या फायली. सीडी आणि कॅसेटी आधीच संगणकात उतरवल्या होत्या. त्या रात्री सगळं मिळून सुमारे नऊ हजार गाणी त्या पेटीत गेली. सकाळी चहा घेताना भाच्यानं मोबाइलवर यादी उघडून दाखवली. सगळ्यात जास्त गाणी असलेला कलाकार कोण, तर 'अज्ञात कलाकार'! आणि त्यांतल्या बहुतेक गाण्यांचा प्रकार काय, तर 'ब्लूज'. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, दुःख सांगणारं गाणं. आमच्या घरातली भजनं, लावण्या आणि नाट्यपदं एका रात्रीत अमेरिकन झाली होती.

आम्ही हसलो. पण पुढचे आठ महिने मी या 'अज्ञात कलाकारा'चा शोध घेत बसलो, आणि त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी ही पेटी काय करते ते थोडक्यात सांगतो. सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं कपाटात असतात आणि ती कुठल्या कपाटात आहेत हे ग्रंथपालाच्या कार्डांवर असतं. सर्व्हर हा गाण्यांचा ग्रंथपाल. डिस्क हे त्याचं कपाट. माजघरातल्या स्पीकरनं मागितलं की तो तिथं गाणं देतो, माडीवरच्या स्पीकरनं मागितलं की तिथं. पण कार्ड कोरं असेल तर ग्रंथपाल तरी काय करणार? पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ते सापडत नाही. गाण्याचं हे कार्ड त्या फायलीतच चिकटवलेलं असतं, त्याला 'टॅग' म्हणतात.

हे टॅग आले कसे, ते ऐकण्यासारखं आहे. एमपी३ ही आवाज आटवून छोटा करण्याची पद्धत जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत पुढं आली आणि या फायलींच्या शेवटी 'एमपी३' हे शेपूट लावायचं १९९५च्या जुलैत ठरलं. सीडीवरच्या गाण्याला एका मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते, एमपी३त साधारण एकच. क्रांतीच म्हणायची. पण या योजनेत गाण्याचं नाव लिहायला जागाच ठेवलेली नव्हती! पुढच्या वर्षी, १९९६त, एरिक केम्प नावाच्या एका गृहस्थानं तोडगा काढला. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटची चिठ्ठी जोडायची. त्यात गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि गाण्याच्या प्रकाराला फक्त एक. हा प्रकार म्हणजे ठरलेल्या यादीतला एक आकडा. शून्य म्हणजे ब्लूज. चिठ्ठी भरणाऱ्यानं तो रकाना रिकामा सोडला आणि तिथं शून्यच राहिला, की झालं गाणं ब्लूज. त्या यादीत भावगीत नव्हतं, अभंग नव्हता, लावणी नव्हती.

आणि तीस बाइट म्हणजे इंग्रजीत तीस अक्षरं. देवनागरीचं काय? आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिकोड पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. मी गंमत म्हणून 'भीमसेन जोशी' मोजून पाहिलं. मधल्या मोकळ्या जागेसह एकतीस बाइट होतात. म्हणजे जुन्या चिठ्ठीत शेवटची वेलांटी बसत नाही आणि जोशीबुवांचा 'जोश' होतो! अर्थात ती चिठ्ठी देवनागरीसाठी केलेलीच नव्हती. नंतर, १९९८त, मोठी आणि युनिकोड चालणारी चिठ्ठी आली. पण तोवर लक्षावधी गाणी कोऱ्या किंवा अर्धवट कार्डांनिशी जगभर फिरायला लागली होती.

आता इतिहासाच्या मास्तरला इथं एक प्रश्न पडतो. कृती एकीकडे आणि कर्त्याचं नाव दुसरीकडे, ही वेळ आपल्यावर पहिल्यांदाच आली का? आपल्या पूर्वजांनी यावर काय केलं होतं?

उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. नेवासे हा आमच्या शेजारचा तालुका. प्रवरा आमच्याकडून पुढं नेवाशाकडे जाते. तिथं सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओव्या जरा वेगळ्या नजरेनं वाचून पाहा. गोदावरीचा दक्षिण तीर हे स्थान त्यात आहे, त्या वेळचा यादव राजा आहे, गुरुपरंपरा आहे, शके १२१२ हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन १२९०. आणि लेखनिक सच्चिदानंदबाबा यांचंही नाव आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर कर्ता, ठिकाण, काळ आणि उतरवून घेणारा, हे सगळं कार्ड ग्रंथाच्या आतच ओवीत बांधलेलं. पोथीची नक्कल करणारा ते गाळूच शकत नाही, कारण तेही ग्रंथाचाच भाग आहे.

पुढं तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी १५८४ साली निरनिराळ्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. साठा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना काय करायला हवं, याचा हा आपल्याकडचा वस्तुपाठच आहे.

अभंगांचं तर आणखी सोपं. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे'. याला आपण नाममुद्रा म्हणतो. छापखाना नव्हता, गाणं तोंडातोंडी जायचं. पण जिथं गाणं जाईल तिथं नाव जायचंच. अक्षर न येणाऱ्या माणसालाही हा अभंग कुणाचा ते कळायचं.

आता तेराव्या-सतराव्या शतकांतून एकदम १९०२ सालात या. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि नोव्हेंबरात त्यानं कंपनीची हिंदुस्थानातली पहिली ध्वनिमुद्रणं केली. त्यात गौहर जान होती. तिच्या तबकड्या ऐकल्यात तर गाणं संपता संपता ती खणखणीत आवाजात इंग्रजीत आपलं नाव सांगते. पुष्कळांना वाटतं हा तिचा तोरा. तोरा असेलही, पण कारण कामाचं होतं. इथं मुद्रण झालेल्या मूळ चकत्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या. तिथल्या कामगारांना ना आपली भाषा कळे, ना आवाज. कुठल्या तबकडीवर कुणाच्या नावाचं लेबल लावायचं हे त्यांना कळावं म्हणून गायकानं शेवटी नाव सांगायचं. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि ती गरज संपत गेली. पण त्या काळातल्या तबकडीचं लेबल झिजून पांढरं झालं असलं, तरी गाणारी कोण होती हे आज एकशेवीस वर्षांनीही ती स्वतःच सांगते. 'तुका म्हणे'चीच ही यंत्रयुगातली आवृत्ती.

ज्यांचा आवाजच राहिला नाही, त्यांची उलटी गोष्ट. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, गैसबर्ग येण्याच्या एकच वर्ष आधी. त्यांचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत, आवाज कुणालाच माहीत नाही. आमच्या पेटीत मात्र आवाजच आवाज होते आणि नावं नव्हती. दोन्हींत जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता थोडं आमच्या गावाकडे वळू. श्रीरामपूर हे जुनं गाव नाही. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली, तिचं स्टेशन बेलापूरपासून काही अंतरावर पडलं आणि स्टेशनाभोवती पेठ वसली. पुढं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, १९३३ साली टिळकनगरची कंपनी निघाली. कारखान्यांबरोबर पुण्या-मुंबईची माणसं आली, व्यापारी आले. माझे आजोबा अशाच एका कारखान्याच्या हिशेबखात्यात कारकून होते. मुंबईला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी चावीचा ग्रामोफोन आणि चाळीसेक तबकड्या विकत घेतल्या. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी रात्री, ओट्यावर ग्रामोफोन लागायचा आणि गल्ली जमायची, असं आत्या सांगते.

तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात नाट्यपद उरकायचं. पण लेबलावर गायकाचं नाव असायचं, 'नाटक: मानापमान' असं असायचं, कधी राग असायचा. आजोबा तबकडी लावण्याआधी लेबल मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आमच्या पणजीलाही बालगंधर्व कोण आणि हिराबाई कोण ते ठाऊक होतं.

लेबल नेहमी खरंच बोलायचं असंही नाही. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. त्यातलं ते अतिशय गाजलेलं गाणं ज्या तबकडीवर होतं, तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव! गाणं रेडिओवर लागल्यावर लोकांनी विचारणा सुरू केली, ही गाणारी कोण? तेव्हा कंपनीकडून खरं नाव आलं, लता मंगेशकर. विचार करा, श्रोत्यांनी विचारलंच नसतं तर?

म्हणून रेडिओच्या निवेदकाचं मला फार मोल वाटतं. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, पुण्याचं १९५३ साली. गाण्याआधी किंवा नंतर गायक, कवी, संगीतकार सांगायचा हा शिरस्ता रेडिओनं घरोघरी नेला. त्यातही वाद झाले. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगायचं नाही असं धोरण आलं आणि निर्मात्यांशी भांडण जुंपलं. पुढं ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली आणि नावांची ती माळ पुन्हा घराघरांत ऐकू यायला लागली. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गीतकार आणि संगीतकार पाठ असतात, त्यांतले बहुतेक रेडिओनं पाठ करून घेतलेले आहेत.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, रेडिओचे भक्त. १९८०च्या सुमारास त्यांनी टू-इन-वन घेतला. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. कॅसेट हा प्रकार फिलिप्स कंपनीनं १९६३ साली आणला, पण आमच्यासारख्यांच्या घरात तो यायला इतका वेळ लागला. मग दादांचा उद्योग सुरू झाला. गाणं लागलं की लाल बटण दाबायचं आणि निवेदक बोलायला लागला की अंगठ्यानं थांबवायचं. का? तर टेप वाचवायला! कोरी कॅसेट महाग होती. निवेदनात अर्धं मिनिट जायचं, तेवढ्यात पुढच्या गाण्याचं कडवं बसतं, असा त्यांचा हिशेब. नावं ते वहीत लिहायचे. कॅसेटला क्रमांक, बाजू, गाण्याचा क्रम आणि पुढं नावं. शाळामास्तराची वही, टापटीप.

पुढं काय झालं ते सांगतो. साधारण २००६ साली मी उत्साहाच्या भरात त्या सगळ्या कॅसेटी एका दुकानात देऊन त्यांच्या एमपी३ सीड्या करून घेतल्या. एका सीडीत दीडशेवर गाणी, केवढं अप्रूप! दुकानदारानं काम केलं, पण कॅसेटचे क्रमांक कुठं उतरवले नाहीत. फायलींची नावं 'ट्रॅक १', 'ट्रॅक २'. कॅसेटी जुन्या झाल्या म्हणून मीच काढून टाकल्या. म्हणजे वही माझ्याकडे आहे, गाणी माझ्याकडे आहेत, आणि दोघांना जोडणारा क्रमांक मी स्वतःच्या हातानं रद्दीत घातला.

चुका तिथं थांबल्या नाहीत. मी त्या वहीतली यादी संगणकावर मराठीत टाइप करून घेतली होती. पण ते युनिकोड नव्हतं. तेव्हाचे आपले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. संगणक बदलला, फॉन्ट गेला, यादी वाचता येईना. मराठीतली कितीतरी दस्तऐवजं अशीच अडकून पडली आहेत. माझी यादी भाच्यानं रूपांतर करून देऊन वाचवली, पण निम्मी जोडाक्षरं मोडली ती मोडलीच. त्यात ते दिवस भारनियमनाचे. दिवसातले कितीतरी तास वीज नाही, कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. एके दिवशी हार्ड डिस्कनं टकटक आवाज केला आणि ती कायमची बसली. सीड्या होत्या म्हणून गाणी वाचली.

आता मी काय केलं असेल? एकेक गाणं ऐकायला बसलो. आणि मंडळी, एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. काही गाण्यांच्या आधी निवेदकाचं अर्धं वाक्य राहून गेलं होतं. 'संगीत दिलं आहे...' आणि एक नाव. दादांच्या अंगठ्याला क्षणभर उशीर झालेला! ज्या ज्या ठिकाणी त्यांचा अंगठा चुकला, त्या त्या गाण्याची नावं आज मला मिळाली. जिथं त्यांनी अचूक काम केलं, तिथं मी अंधारात चाचपडतो आहे. माझ्या साठ्यातली जवळजवळ दोनशे गाणी अशा चुकांमुळे ओळखता आली.

विकतच्या सीड्यांचं दुखणं निराळं. १९८२ साली आलेल्या सीडीवर गाणी होती, पण गाण्यांची नावं नव्हती. प्रत्येक गाणं कुठं सुरू होतं याच्या वेळा तेवढ्या होत्या. संगणक त्या वेळांवरून सीडी ओळखतो आणि इंटरनेटवरच्या सामाईक यादीतून नावं आणतो. ती यादी कुणी केली, तर जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरी बसून. त्यांनी उपकारच केले. पण मराठी सीडी असेल तर नावं रोमन लिपीत आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. परिणाम असा की आमच्या पेटीत भीमसेन जोशी तीन झाले. एक 'पंडित' लावलेले, एक न लावलेले आणि एक आडनाव आधी असलेले. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७चं नाटक, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं, आणि त्याच नावाचा २०१५चा चित्रपट, हे दोन्ही पेटीनं एकच अल्बम समजून एकत्र केले. वसंतराव देशपांड्यांच्या पदानंतर त्यांच्याच नातवाचं, राहुल देशपांड्यांचं पद लागायचं. ऐकायला बरं वाटलं, पण इतिहास म्हणून चूक. आणि लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या नावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं आहे, 'साधी माणसं'सारख्या. पेटीला वाटतं आनंदघन कुणी दुसरेच.

हे सगळं दुरुस्त करता येतं. नव्या प्रकारच्या फायलींत, फ्लॅक म्हणतात त्यांत, आपल्याला हवे तितके रकाने करता येतात आणि मजकूर देवनागरीत लिहिता येतो. मी राग, ताल, कवी, संगीतकार, नाटक आणि 'कुठून मिळालं' असे रकाने केले. भाच्यानं पेटीत जी प्रणाली घातली आहे तिचाही इतिहास बोधप्रद आहे. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीनं ती काढली, २००६त लॉजिटेकनं ती कंपनी घेतली, २०१२त ती यंत्रं बनवणं थांबलं, २०२४त तिचं संकेतस्थळही बंद झालं. पण तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्यामुळे हौशी लोकांनी ती 'लिरिऑन' या नव्या नावानं चालू ठेवली आहे. कंपन्या येतात, जातात. जे उघडं आणि सामाईक असतं, ते टिकायची शक्यता जास्त.

पण एक कार्ड मला भरता आलेलं नाही. आणि खरं तर तेच सांगायला मी आज बसलो आहे.

१९८४ साली माझ्या बहिणीचं लग्न घरीच झालं. हळद जात्यावर दळली जात होती, बायका ओव्या गात होत्या. दादांनी टू-इन-वन जात्याशेजारी ठेवला. जवळजवळ पंचवीस मिनिटांचं मुद्रण आहे. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, मधूनच कुणाचं तरी हसणं, आणि एका बाईचा आवाज. काय आवाज आहे! वरच्या सुरातही न चिरकणारा, आणि शब्द लख्ख. पेटीत हिची नोंद होती: अज्ञात कलाकार, ट्रॅक ७, ब्लूज.

वहीत पाहिलं. दादांनी लिहिलं होतं, 'लग्न, हळद, ओव्या. शेजारच्या काकू.' माझी आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे. तिला ऐकवलं. दोन ओव्यांतच तिनं मान हलवली.

"अरे, ही पलीकडच्या वाड्यातली. भाऊची आई."

"आत्या, पण नाव काय त्यांचं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "नाव कधी कुणी विचारलंच नाही रे. सगळे भाऊची आईच म्हणायचे."

मी ते मुद्रण पुन्हा ऐकलं. त्यात माझ्या बहिणीचं नाव आहे, मामाचं नाव आहे, वरमाईचं आहे, आमच्या गावाचं आहे. जात्यावरच्या ओवीची रीतच तशी, गाणारी सगळ्यांची नावं गुंफते. आमचं अख्खं घर त्या बाईनं गाण्यात नोंदवून ठेवलं. राहिलं ते तिचं स्वतःचं नाव. जनाबाईनं सातशे वर्षांपूर्वी आपलं नाव अभंगात घातलं. गौहर जाननं तबकडीवर घातलं. भाऊच्या आईला ते घालावंसं वाटलं नसेल, आणि विचारायचं आम्हांला सुचलं नाही.

हे वेगळ्या तऱ्हेनं होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं आणि तीन हजारांवर बाया. पुढं बर्नार्ड बेल यांनी शंभरावर तास ध्वनिमुद्रण केलं. पॉइतवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पण तो साठा आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर ऐकायला मिळतो. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. 'एक खेडूत स्त्री' एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. मोठी यंत्रणा असूनही हे जमलं असं म्हणण्यापेक्षा, विचारायची सवय होती म्हणून जमलं असं मी म्हणेन. विचारायला यंत्र लागत नाही.

भाऊच्या कुटुंबाचा मी तपास केला. ते लोक नव्वदीच्या दशकात गाव सोडून गेले, कुणी नाशिककडे म्हणतं, कुणी औरंगाबादकडे, आताच्या संभाजीनगरकडे. अजून पत्ता लागलेला नाही. कलाकाराच्या रकान्यात मी सध्या 'भाऊची आई, श्रीरामपूर' असं लिहिलं आहे आणि शेऱ्यात लिहिलं आहे, 'नाव शोधतो आहे'. हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्टेशनाजवळच्या वाड्यात राहिलेल्या, ओव्या गाणाऱ्या अशा काकू आठवत असतील, तर जरूर कळवा.

तुमच्याही घरी कपाटात कॅसेटी असतील, माळ्यावर तबकड्या असतील, जुन्या मोबाइलमध्ये आजीचं गाणं असेल. ते नव्या यंत्रात हलवाल तेव्हा हलवा, त्याला वेळ लागत नाही. एक प्रत घरात, एक दुसऱ्या साधनावर आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा. पण त्याआधी एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, गाणं लावा आणि विचारा, हे कोण? सांगतील ते लिहून घ्या. कॅसेटवरचा क्रमांक पुसू नका, चिठ्ठी फेकू नका, आणि निवेदकाचा आवाज कापू नका.

मीही एक सुधारणा केली आहे. गेल्या महिन्यात आत्याला चार ओव्या म्हणायला लावल्या. आवाज थरथरतो, दम लागतो, पण चाली पक्क्या आहेत. संपल्यावर ती उठायला लागली, तेव्हा मी हातानंच थांबवलं आणि म्हटलं, "आत्या, आता तुझं नाव सांग. माहेरचंही सांग."

ती लाजली. पदर सारखा केला आणि मग गौहर जानसारखंच, खणखणीत सांगितलं. ते मी कापलेलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)